शेतीसंरक्षणार्थ

आचारसंहिता लागली की आचऱ्याच्या ठाण्यात
बंदुका येतात.
एसटीने, रिक्षाने, एखादी सायकलच्या दांडीला बांधून,
गोणपाटात गुंडाळलेली,
आजारी म्हातारी दवाखान्यात आणावी तशी.

मी लिहून घेते. नाव, वाडी, परवाना क्रमांक.
प्रयोजनाच्या रकान्यात सगळ्यांचं एकच :
शेतीसंरक्षणार्थ.
दस्त्याला सुतळीने चिठ्ठी बांधते, पावती फाडते.
अकरा वर्षं झाली. कुणी भांडत नाही.
फार तर इनास पिंटो कुरकुरतो,
"माकडांका बरोबर कळता गो बाय, बंदूक घरात नाय ती.
मता तुमची, नारळ माझे."

यंदा बाबल धुरी आला नाही.
त्याची एकनळी आधीच आमच्याकडे आहे,
मुद्देमालाच्या खोलीत, लाखेच्या सीलखाली.
कार्तिकात, मळ्याच्या कडेला, काजीखाली,
रात्री दीडला झुडूप हललं.
बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकले, म्हणाला.
माणसाचे डोळे असे चमकत नाहीत, साहेब म्हणाले.
चष्मा होता, साहेब, मी म्हटलं.
पंचनाम्यात आहे : एक काच शाबूत.

चुलतभाऊ. दारू दोघांनी मिळून ठासली होती.
सबंध जबाबात बाबल एकच बोलत राहिला,
"माका डुकर वाटलो."
मी लिहिलं : सदर इसम मला रानडुक्कर असल्याचे भासले.
वाचून दाखवलं तेव्हा
तो माझ्याकडे बघत राहिला,
कुणा भलत्याचंच वाचते आहे असं.
मग अंगठा दिला. सही येते त्याला.

रविवारी ओहायोहून भावाचा फोन.
मी एकशे बारा बंदुकांचं सांगत होते.
तुमच्याकडे निवडणुकीत कुठे जमा करतात रे?
हसला. "कुणाकडे जमा करणार? इथे हक्क आहे तो.
शेजारच्या रॉनकडे नऊ आहेत. चांगला माणूस.
बर्फ पडला की आमच्याही दारातलं काढतो."
आणि शेती?
"कसली शेती! विमा विकतो तो."
मग प्रयोजनाच्या रकान्यात काय लिहितात?
"रकानाच नसतो, ताई."

फोन ऋचाने घेतला.
ते बूट नका पाठवू, म्हणाली,
टाच टेकली की दिवे लागतात ते.
शाळेत सराव असतो.
दार लावायचं, दिवे घालवायचे,
कपाटामागे दाटीने बसायचं, तोंडावर बोट.
मागच्या वेळी अन्वयचा पाय हलला
आणि भिंत लाल झाली. उजेडाने, हो, उजेडाने.
बाईंनी चिठ्ठी पाठवली. फार गोड शब्दांत.
साधे घ्या, म्हणे. काळे असले तर उत्तम.

मी घेऊन ठेवले होते.
मालवणच्या बाजारातून, दोनशे ऐंशीला,
दुकानदाराने टाच आपटून दाखवली तेव्हा
आजूबाजूची चार पोरं गोळा झाली होती.

आज संध्याकाळी एकशे चौदावी भिंतीला लावली.
तेलाचा, गंजाचा वास,
खिडकीतून ओहोटीच्या चिखलाचा.
पाचसहा जणांनी विचारलं, कधी परत मिळतील.
निकालानंतर, मी म्हटलं, नेहमीसारखं.
पेरणीआधी मिळाल्या म्हणजे बरं, ते म्हणाले.
त्यांचं खोटं नाही.
डुकरं एका रात्रीत खाचर उलथतात, मी पाहिलंय.

सगळे गेल्यावर वीज गेली.
खण उघडून बुटांत दोन्ही हात घातले,
टाचा टेबलावर टेकवल्या.
लाल. निळा. लाल.
नळ्या दिसल्या, गेल्या, पुन्हा दिसल्या.

दारातून कुणी पाहिलं असतं,
काळोखात जमिनीपासून हातभर उंचीवर
काहीतरी दोन चमकताना,
तर मी त्याला कोण वाटले असते?

बूट विझायला वेळ घेतात.
तोवर आणि त्यानंतरही
वीज येईपर्यंत
मी हलले नाही.